कपूरकाचरीचा वास

गालावरचं वांग जात नाही. हे मी इथे लिहिते आहे, पण माझ्या खुर्चीवर बसलेल्या बाईला कधी सांगत नाही. ती आरशात बघत विचारते, "जाईन ना वो ताई?" आणि मी मंजिष्ठेचा लेप तिच्या गालावर पसरत म्हणते, "लावत राहा. एका दिवसात थोडीच जाते." तुमसरला घराच्या पुढच्या खोलीत माझं पार्लर आहे. पाटीवर 'नैसर्गिक' हा शब्द मी मुद्दाम मोठा रंगवून घेतला होता. बायकांना तो आवडतो. केमिकल म्हटलं की घाबरतात आणि जडीबुटी म्हटलं की डोळे मिटून बिनधास्त पडून राहतात. जंगलातून आलेलं काही आपलं वाईट करणार नाही, असा त्यांचा पक्का समज. मी तो मोडायला जात नाही. मलाही पोट आहे.

फळीवर डबे आहेत. आंबेहळद, मंजिष्ठा, नागरमोथा, अनंतमूळ, मसुरीचं पीठ, वाळवलेल्या संत्रासालीची भुकटी, मुलतानी माती. तेलकट चेहऱ्याला मुलतानी माती आणि गुलाबपाणी, कोरड्याला मसुरीच्या पिठात साय, मुरुमांना नागरमोथा आणि कडुनिंब. सगळं वस्त्रगाळ, म्हणजे फडक्यातून गाळलेलं. पिठाच्या चाळणीने चाळलेली भुकटी कितीही बारीक वाटली तरी गालावर खरखरते. माझं फडकं तर साधं सुतीही नाही, जुन्या कोशाच्या लुगड्याचा तुकडा आहे. हे सगळं मला मायने शिकवलं. फळीवर पूर्वी अजून एक डबा असायचा, कपूरकाचरीच्या सुवासिक मुळांच्या भुकटीचा. तो मी काढून टाकला. जुन्या गिऱ्हाईक बायका विचारतात, "पयले काय मस्त वास येत होता वो, आता काहून येत नाई?" मिळत नाही आजकाल, असं मी सांगते. बाजारातल्या जडीबुटीच्या दुकानात ती पोतंभर पडलेली असते.

माझं माहेर मोहाडीचं, कोसा म्हणजे टसर रेशीम विणणाऱ्यांचं. बाबा मागावर बसायचे आणि माय मधल्या खोलीत सूत काढायची. ज्यांनी हे काम पाहिलं नाही त्यांना सांगते. कोसे, म्हणजे रेशीमकिड्यांचे कोश, सोड्याच्या पाण्यात उकळायचे. मऊ झाले की चार-पाच कोशांची टोकं एकत्र धरायची आणि डाव्या मांडीवर ठेवून तळहाताने वळायची, देवाची वात वळतात तशी. फरक इतकाच की वात संपते, हे सूत संपत नाही. वळलेलं सूत दुसऱ्या हातातल्या लाकडी असारीवर गुंडाळत जायचं. त्यासाठी मांडी उघडी लागते आणि कोरडी लागते. तेलाचा हात लागला तरी सूत घसरतं, पीळ बसत नाही. म्हणून माय चाळलेली राख हाताशी ठेवायची आणि मधूनमधून चिमूटभर मांडीवर टाकायची.

त्या मांडीवर हाताच्या पंजाएवढा काळा, जाड, लव नसलेला तुकडा होता. आत्याच्या मांडीवर होता, शेजारच्या काकूच्या मांडीवर होता. मला लहानपणी वाटायचं की बाई मोठी झाली की तिला तो येतोच. मला कधी येईल, असं मी एकदा मायला विचारलं होतं. ती इतकी हसली की हातातलं सूत तुटलं, आणि सूत तुटलं म्हणून मग मलाच एक धपाटा बसला.

मांडी उघडी टाकून बसायचं म्हणून त्या खोलीचा एक रिवाज होता. कोणी पुरुष थेट आत यायचा नाही. बाबासुद्धा उंबरठ्याबाहेर उभे राहून खोकायचे. माय लुगडं खाली ओढायची आणि म्हणायची, "या." मगच ते आत. पीळ अर्धवट असला तर ती म्हणायची, "थांबा ना वो, सूत तुटते," आणि बाबा आपले बाहेर उभे. भर संसारातला स्वतःच्या घरातला माणूस, पण 'या' आल्याशिवाय त्यांनी कधी त्या खोलीत पाऊल टाकलं नाही. करडीची आत्या, म्हणजे बाबांची बहीण, आली की त्यांना चिडवायची, "माह्या भावाचा जनम खोकण्यातच गेला." बाबा हसायचे. त्यांनी विणलेल्या प्रत्येक कापडातलं सूत त्या मांडीवरून आलेलं होतं. दिवसाउजेडी ती मांडी त्यांनी पाहिली असेल असं मला वाटत नाही.

मायचा चेहरा मात्र सगळ्या आळीला माहीत होता. नितळ, एक डाग नाही. दिवाळीआधी ती सगळ्या आळीचं उटणं करायची. कोशाच्या फडक्यातून भुकटी गाळायची, फडकं हळूहळू पिवळं व्हायचं, आणि घरभर कोशाच्या उग्र वासावर नागरमोथ्याचा वास चढायचा. उकळलेल्या कोशातला किडा मरतो आणि सडतो. तो वास आमच्या भिंतींत होता, कपड्यांत होता, डब्यातल्या पोळीतसुद्धा होता. माझा नवरा लग्नानंतर पहिल्यांदा जेवायला आला तेव्हा पाहुणा म्हणून गप्प बसला, पण पाट अंगणात मांडायला लावला. आम्हाला मात्र तो वास येतच नव्हता. जन्मल्यापासून नाकात बसलेला वास नाकाला कळत नाही. पुढे जे झालं ते ह्याच्यामुळेच झालं, असं मी स्वतःला सांगत असते.

गोंदिया वेगळा जिल्हा झाला त्याच सुमारास लग्न होऊन माझीही घरातून वाटणी झाली आणि मी तुमसरला आले. काही वर्षांनी पार्लर टाकलं. पावडरी मायकडूनच यायच्या. कोणी येणारं-जाणारं असलं की त्याच्या हाती ती डबे पाठवायची. माझी मुलगी जरा मोठी झाली त्या सुमारास मला डब्यांत फरक जाणवू लागला. उटण्यात कपूरकाचरी वाढली होती. आधी मागून हळूच येणारा वास आता झाकण उघडताच अंगावर यायचा. बायका खूश. मी मात्र मोहाडीला गेले तेव्हा मायला म्हटलं, "कपूरकाचरी कमी टाक ना माय, एकदोघींच्या गालाले आग झाली."

"वास चांगला येते ना पण," माय म्हणाली. "दिवसभर मी तेच कुटून राहिली, तुह्या डब्यात दोन मुठी जास्त पडली असन."

"तेच कायले कुटून राहिली?"

"घरात कोशाचा वास किती येते, पायतेस ना तू." हे तिने इतक्या सहज म्हटलं की मी विषय सोडून दिला. आमच्या घरात कोशाच्या वासाबद्दल तक्रार करणारी ती पहिली बाई, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही.

मांडीला घासून जखम होणं आमच्याकडे नवं नव्हतं. सूत चरचरून कातडी सोलली जायची. मग सगळ्या बायका एकच करायच्या. हळद, कडुनिंबाची आणि मंजिष्ठेची भुकटी दाबून भरायची, दोन-चार दिवस दुसरं काम करायचं आणि खपली धरली की पुन्हा बसायचं. दवाखान्यात कोणी जायचं नाही. मांडीचं दुखणं घेऊन कोणापुढे बसणार? आळीत सूत काढायची मशीन आली तेव्हा काही बायका तिकडे वळल्या. माय गेली नाही. मशीनच्या सुताला अंग नसतं, म्हणायची. गर्व होता तिला त्या सुताचा, आणि आम्हालाही होता.

मग एका वर्षी कोसेच आले नाहीत. कोसे देणाऱ्याने हात वर केले. माग थांबला. उकळायचा हंडा अंगणात पालथा पडला होता आणि त्याच्या बुडावर कोंबडी बसत होती. दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते, तमाशे होतात, पाहुणे येतात. मी मंडईसाठी मुलीला घेऊन गेले. घरात शिरले आणि मला वास आला.

एव्हाना तुमसरच्या इतक्या वर्षांनी माझं नाक जागं झालं होतं. पहिल्यांदा वाटलं, कोसाच. मग पालथा हंडा आठवला. घरात कित्येक महिन्यांत एक कोसा उकळला नव्हता, आणि वास होता.

"उंदीर मेला असन कुठी," माय म्हणाली.

मी धानाची कोठी सरकवली. खाटेखाली पाहिलं, मागाच्या खड्ड्यात उतरून पाहिलं. तोंडाला पदर लावून अख्खं घर पालथं घातलं, आणि मुलगी मागे मागे उंदीर दिसला का म्हणून नाचत होती. उंदीर नव्हता. माय चहा टाकायला चुलीकडे गेली तेव्हा मधल्या खोलीतला वास कमी झाला. ती कप घेऊन परत आली आणि वास परत आला. त्याच्या आगेमागे कपूरकाचरी.

मी मुलीला बाहेर पाठवलं आणि दार लावलं. "दाखव," म्हटलं.

"कायले? काई नाई तिथी."

"माय, दाखव."

ती नेहमीच्या जागी भिंतीला टेकून बसली आणि सूत काढायला बसल्यासारखंच लुगडं वर घेतलं. मांडीवर फडक्याची घडी बांधली होती. पावडर गाळायचं कोशाचं फडकं, पिवळं झालेलं. घडी सोडली तेव्हा आत जखम नव्हतीच, ढीग होता. कडा वर आलेल्या, फुलकोबीसारखा खडबडीत फुगलेला मांसाचा गोळा आणि त्याच्यावर हळदीचे, मंजिष्ठेचे थरावर थर. मधल्या भेगांतून पाणी गळत होतं. मी पार्लरवाली. मुरुम, फोड, चट्टे मी रोज बघते. तरी मी तोंड फिरवलं, आणि राग मात्र मला मायचाच आला.

"कधीपासून हे?"

"तुही पोरगी रांगत होती तवापासून असन. भरून येते, मंग फुटते. आता येईन भरून."

"बाबाले माहीत हाये?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी अभद्र बोलले होते. "त्यायले कायले सांगाचं? मांडी हाये ते."

लंगडते म्हणून बाबांनी विचारलं होतं म्हणे. तिने गुडघ्यात वात आहे असं सांगितलं. बाबांनी महानारायण तेल आणून दिलं. ती बाटली कोनाड्यात तशीच भरलेली होती.

भंडाऱ्याला न्यायचं म्हटलं तर तिची एकच अट, बाईमाणूस डॉक्टर असेल तरच. बाई डॉक्टर बसायचा वार चुकला, पुढच्या वारी ती रजेवर होती. मी भांडले, रडले, मुलीची शपथ घातली. माय हलली नाही. शेवटी बाई डॉक्टर मिळाली, माझ्याहून लहान. तिने जखम धुवायला घेतली. पाणी आधी पिवळं आलं, मग तांबडं, मग राखाडी. धुता धुता तिने विचारलं, "आजी, ह्याच्यावर काय काय लावलं?"

माय खाटेवर पडल्या पडल्या सांगू लागली. आंबेहळद, मंजिष्ठा, लोध्र, कडुनिंब, अनंतमूळ. कोणती किती, कशात वाटायची, किती वेळा गाळायची. तिचा आवाज चांगला ठणठणीत होता. दिवाळीला आळीतल्या सुनांना सांगायची तशी सांगत होती. डॉक्टर ऐकत राहिली, एका शब्दाने रागावली नाही. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. रागावतात तिथे काही करण्यासारखं उरलेलं असतं.

नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात तुकडा काढून तपासला. कॅन्सर. जांघेतल्या गाठींत गेलेला, तिथून वर. पाय कापायचा विषय निघाला तेव्हा माय पहिल्यांदा घाबरली.

"डावा काय?" तिने मला विचारलं. मी मान हलवली. मग ती म्हणाली, "उजव्या मांडीवर मले वळता येत नाई."

तो प्रश्नच पुढे उरला नाही. पाय कापून आता फायदा नाही, असं डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं. आम्ही गोळ्या आणि ड्रेसिंगचं सामान घेऊन मोहाडीला परत आलो. बसमध्ये माय खिडकीतून धानाच्या बांध्या बघत होती. यंदा उन्हाळी धान चांगला आहे म्हणाली. मी हो म्हटलं.

मी पार्लरला कुलूप लावून माहेरीच राहिले. माय मधल्या खोलीत, त्याच भिंतीशी. जखमेवर दवाखान्यातल्या मलमाशिवाय काही लावायचं नाही, असं बजावलेलं होतं. माय त्यावरून माझ्यामागे लागायची. "थोडीशी टाक ना वो कपूरकाचरी. मले माह्या सोताचा वास येते." दुखण्याबद्दल ती इतकं बोलली नाही. वासाची तिला लाज वाटायची. कोणी भेटायला आलं की आधी डोळ्यांनी मला विचारायची, येतो का? मी नाही म्हणायची. मग मी जखमेवर नाही, पण चादरीवर, उशीवर, पायापाशी कपूरकाचरी भुरभुरू लागले. सगळी खोली त्या वासाने भरली आणि त्याच्याखाली दुसरा वास तसाच राहिला. आज मला कपूरकाचरीत तोच येतो. डबा काढून टाकला तो म्हणून.

बाबा दिवसातून कितीदा तरी उंबरठ्यापाशी येऊन खोकायचे. मायच्या आवाजात जोर उरला नव्हता. तिने उशाशी असारी ठेवून घेतली होती. ती असारी जमिनीवर आपटायची, तेच 'या'. बाबा आत यायचे आणि दाराशीच उकिडवे बसायचे. जवळ जायचे नाहीत. काही वेळ बसून निघून जायचे. एकदा अंगणात त्यांनी मला गाठलं. पालथ्या हंड्याशी उभे होते.

"बाई, वास कायचा येते वो घरात?"

बाबांना मांडीचं सांगायचं नाही, अशी मायने मला शपथ घातली होती. "कोशाचा," मी म्हटलं.

बाबांनी हंड्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "हो. कोशाचाच हाये." आणि हंडा उगाच सरळ करून ठेवला.

मला राग येतो. अजूनही येतो. मायचा येतो, बाबांचा येतो, त्या खोकण्याचा आणि त्या 'या'चा येतो. जे लहानपणी मला फार सभ्य वाटायचं, त्याच उंबरठ्याने माझी माय खाल्ली. आळीतल्या बायका म्हणायच्या, कशी लाजवंत बाई, मरेपर्यंत कोणाला दुखणं कळू दिलं नाही. कौतुकाने म्हणायच्या. त्यांतल्या एकीला मी बाजूला घेऊन म्हटलं, तुझी मांडी दाखव. ती चिडून निघून गेली.

माय एका दुपारी गेली. करडीहून आत्या आली. नवऱ्याआधी गेलेली सवाष्ण, तिला हळद लावून न्हाऊ घालायचं. आत्या म्हणाली, "हळद कायले, तिच्याच हातचं उटणं काढ." कोनाड्यात शेवटची बरणी होती, वास अंगावर येणारी. आम्ही दार लोटून घेतलं. आत्याने भुकटी पाण्यात कालवली. चेहऱ्याला लावली, हातांना लावली. चेहरा अजून तसाच होता, नितळ. मग आत्याने लुगडं वर घेतलं आणि तिचा हात थांबला. तिने ते पहिल्यांदाच पाहिलं होतं. तिच्या स्वतःच्या मांडीवरही तोच काळा तुकडा आहे, हे आम्हा दोघींनाही एकाच वेळी आठवलं असावं. ती खाली बसली आणि आवाज न करता रडू लागली. ड्रेसिंग काढलं. उरलेली सगळी बरणी मी त्या जखमेवर रिकामी केली. आता मनाई करणारं कोणी नव्हतं आणि भरून येणारंही काही नव्हतं.

तेवढ्यात दाराबाहेर बाबा खोकले.

आत्याचा हात आणि माझा हात एकदमच लुगड्याकडे गेला. आम्ही ते ओढून गुडघ्याखाली घेतलं, नीट, चापूनचोपून. बाबा पुन्हा खोकले. उशाशी असारी होती. ती उचलायचा मला धीर झाला नाही.

"या बाबा," मी म्हटलं.

दार हळूच उघडलं. बाबा उंबरठ्याच्या पलीकडेच उभे होते. त्यांनी आत पाऊल टाकलं नाही. मान खाली घालूनच त्यांनी मला विचारलं, "तिले विचारलं काय?"